300 पिक्सेलची चौकट

पडद्यावर एक चौकट आहे. रुंदी 300 पिक्सेल. आत डावी-उजवीकडे 20-20 पिक्सेलची मोकळी जागा, म्हणजे पॅडिंग. कडेला 5 पिक्सेलची बॉर्डर. मग ही चौकट पानावर एकूण किती जागा घेईल?

डिसेंबर 1996 मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं सीएसएसची, म्हणजे वेबपानाची मांडणी आणि रंगरूप सांगणाऱ्या भाषेची, पहिली आवृत्ती जाहीर केली. होकॉन व्हिउम ली आणि बर्ट बॉस यांच्या त्या नियमांत उत्तर स्वच्छ होतं: 300 ही नुसत्या मजकुराची रुंदी, बाकीचं वर मोजायचं. एकूण 350. विंडोजवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर 5 मात्र सगळं 300 मध्येच कोंबायचा. मजकुराला उरायचे 250. अशा दोन चौकटी शेजारी ठेवल्या की नियमाप्रमाणे 700, इथे 600. कोड तोच, पण मांडणी विस्कटलेली. एकच पान ब्राउझरागणिक पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसायचं, हे तेव्हाच्या वेब डिझायनरच्या पाचवीलाच पुजलेलं.

अशा वेळी सीएसएसचे जाणकार एरिक मेयर यांनी तक्ते मांडले. सीएसएसचा एकेक गुणधर्म घ्यायचा, एकेका ब्राउझरमध्ये तपासायचा आणि नोंद करायची: चालतो, चालत नाही, अर्धवट चालतो, चुकीचा चालतो. फार चिकाटीचं काम, आणि माझ्या मते वेबवर त्याचे मोठे उपकार आहेत. 1998 मध्ये टॉड फार्नर यांनी रंगीत चौकटींचं एक चाचणीचं पान बनवलं. नमुन्याच्या चित्राशी ते ताडून पाहिलं की ब्राउझर कुठे चुकतो ते नजरेतच भरायचं.

मार्च 2000 मध्ये मॅकसाठीचा एक्स्प्लोरर 5 आला. त्याचं इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारा भाग, बनवणाऱ्या चमूचे प्रमुख होते तांतेक चेलिक. कंपनी तीच, आवृत्तीचा आकडा तोच, पण या ब्राउझरनं चौकट 350 ची मोजली! अडचण जुन्या पानांची होती. ती चुकीच्या मापावर बेतलेली. माप सुधारलं की तीच मोडणार. म्हणून ब्राउझर आधी पानाच्या सुरुवातीची डॉक्टाइपची ओळ, म्हणजे पान कोणत्या नियमांनी लिहिलंय ते सांगणारी ओळ, वाचायचा आणि नव्या नियमानं चालायचं की जुन्या सवयीनं, ते ठरवायचा. 2001 मध्ये विंडोजवरच्या एक्स्प्लोरर 6 नंही हीच वाट धरली.

आज कितीतरी जण स्टाइलशीटच्या, म्हणजे सीएसएसच्या फाइलीच्या, सुरुवातीलाच लिहितात, ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’. म्हणजे मोजमाप त्या जुन्या एक्स्प्लोररचंच, फक्त आता ते नियमात बसतं. तीच चौकट क्रोममध्ये उघडा, फायरफॉक्समध्ये उघडा, सफारीत उघडा. बाहेरून 300. आत मजकुराला 250.