दोन ताल एकाच वेळी

श्रोतेहो, नमस्कार. गाणी ऐकण्याच्या ॲपमध्ये आवाजाच्या ज्या सेटिंग्ज असतात, त्यांपैकी क्रॉसफेड (एक गाणे संपत असतानाच त्यावर पुढचे गाणे सुरू करणारी सोय) सर्वांत आधी तपासावे, असे मी का म्हणतो, हे आमच्या परिचयातील एका निवृत्त संगीतशिक्षिकेच्या हकिकतीवरून कळेल.

बाईंच्या भाच्याने आपला जुना फोन ॲपसकट त्यांना दिला होता. बाईंनी यमन लावला. विलंबित एकतालातील बडा ख्याल संपत आला, गायिका शेवटच्या समेवर विसावणार, तोच त्या समेखालून द्रुत तीनतालातील बंदिश सुरू झाली आणि काही क्षण दोन तबले एकमेकांच्या अंगावर धावून गेले. ध्वनिमुद्रणच सदोष असावे, असे समजून बाईंनी दुसऱ्या गायकाचा यमन लावला, मग इअरफोन बदलले, तरीही तेच. अखेर त्यांनी भाच्याला बोलावून सुनावले, "अरे, तुझ्या या फोनला समेची काही चाड आहे की नाही?" भाच्याने सेटिंग उघडली, तर क्रॉसफेड पूर्ण १२ सेकंदांवर होते. बहिणीच्या हळदीत नाच थांबू नये म्हणून त्यानेच ते वाढवले होते. (हळदीतही ते नसते, तर दोन गाण्यांमध्ये शेजाऱ्यांना तेवढीच उसंत मिळाली असती.)

तेव्हा रागसंगीत ऐकताना क्रॉसफेड शून्यावर ठेवावे; पुन्हा सांगतो, शून्यावर. गॅपलेस मात्र चालू असावे, कारण एकाच मैफलीचे तुकडे त्यामुळे मध्ये खंड न पडता सलग वाजतात.

इक्वलायझरमध्ये, म्हणजे खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमीजास्त करण्याच्या सेटिंगमध्ये, सगळ्या पट्ट्या वर चढवल्याने आवाज सुधारत नाही, तो फाटतो. डग्गा घुमून गायिकेचे शब्द बुडत असतील, तर शब्दांची पट्टी वर नेण्याऐवजी ६० आणि १५० हर्ट्झच्या, म्हणजे खर्जाच्या, पट्ट्या किंचित खाली आणाव्यात.

राहिला दर्जा. स्पॉटिफायवर ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० किलोबिट डेटा) हा दर्जा निवडल्यास तासाला सुमारे १४४ एमबी डेटा लागतो, ९६ वर सुमारे ४३. म्हणून घरच्या वायफायवर वरचा दर्जा आणि प्रवासात खालचा, अशी वेगवेगळी निवड करून ठेवावी. लॉसलेस, म्हणजे मूळ आवाजातले काहीही न गाळणारा, दर्जा घेऊन तो साध्या ब्लूटूथ इअरफोनवर ऐकण्यात मात्र फारसा अर्थ नाही, कारण ब्लूटूथवरून जाताना आवाज पुन्हा दाबला जातो. त्यासाठी वायरचा हेडफोनच लावावा.