चिविता: पुलापलीकडचं गाव

श्रोतेहो, नमस्कार.

रोमच्या उत्तरेला सुमारे 120 किलोमीटरवर, दरीच्या मधोमध उभ्या राहिलेल्या एका सुळक्यावर चिविता दि बान्योरेज्यो हे गाव आहे. बारमाही राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इटलीत त्याला ‘मरत चाललेलं गाव’ म्हणतात, आणि ते खोटं नाही.

सुळक्याचा माथा टफचा, म्हणजे ज्वालामुखीची राख घट्ट होऊन झालेल्या दगडाचा. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळापुढे तो फारच मऊ. त्याच्याखाली प्राचीन समुद्रतळाची चिकणमाती. पाऊस आणि दोन्ही अंगांचे ओढे ही माती पोखरतात, वरच्या दगडाचा आधार जातो, त्याला उभ्या भेगा पडतात आणि कडा घरांसकट दरीत कोसळतो. 1695 च्या भूकंपाने तर कंबरच मोडली. पुढे बिशपची गादी आणि गावचा कारभार शेजारच्या बान्योरेज्योला गेला. तेराव्या शतकातल्या संत बोनावेंतुराचं घरही असंच दरीत गेलं.

आता जायचं कसं? रोमहून रेल्वेने ऑर्विएतो, सव्वा तास धरा. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर तारीख-वेळ छापून घ्या. विसरलात तर दंड. ऑर्विएतोहून कोत्राल या प्रादेशिक बससेवेची निळी बस बान्योरेज्योला नेते, पाऊण तासाच्या आसपास. तिकीट तंबाखूच्या दुकानात मिळतं, जाण्यायेण्याची दोन्ही तिथेच घ्या. रविवारी आणि सणाच्या दिवशी मात्र ही बस नसते. बहुतेकांचा बेत फसतो तो इथेच.

थांब्यापासून पुलापर्यंत चांगली अर्ध्या तासाची चाल. वाटेत कड्यावरच्या सज्जातून समोर अख्खं चिविता दिसतं. फोटो तिथूनच काढा, गावात शिरल्यावर ते पुन्हा असं दिसणार नाही. पुलाच्या तोंडाशी प्रवेशाचं तिकीट, साधारण 5 युरो. ही पद्धत 2013 पासून आहे. पूल 1965 चा, काँक्रीटचा, सुमारे 300 मीटर, फक्त पायी चालण्यासाठी. सुरुवातीला उतार आणि शेवटी छातीवरचा चढ, सावली अजिबात नाही. चाकांची बॅग न्यायचीच नाही. जुलै-ऑगस्टात सकाळी नऊच्या आत पूल ओलांडलेला बरा.

वेशीचा दरवाजा एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या लोकांनी खडकात कोरलेल्या वाटेवर आहे. वर दोन दगडी सिंह, पंजात माणसाची डोकी! आत सान दोनातोच्या चौकात फरसबंदी नाही, खडी आहे. मध्ययुगीन घरांचे बाहेरून चढणारे दगडी जिने जरूर पाहा. ओट्यासारखी छोटी गच्ची, तिच्यावर फुलांच्या कुंड्या. ते लोकांच्या घराचे जिने आहेत, बसायच्या पायऱ्या नव्हेत.

गाव पाहायला दोन तास पुरतात. परतीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र बान्योरेज्योला उतरतानाच थांब्यावरच्या तक्त्यात बघून ठेवा. ती चुकली, तर ऑर्विएतोपर्यंत टॅक्सीच करावी लागते.