जागे होताना लागणारी जागा

(दृश्य : पागोळ्या, खिडकीबाहेर माड, बाकावर लॅपटॉप)

मालवणच्या किनाऱ्याजवळील या संगणक कक्षात मृग लागला की वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. बॅटरी संपत आली तेव्हा समोरच्या लॅपटॉपने रॅममधील चालू काम डिस्कवरच्या स्वॅप या राखीव जागेत उतरवले आणि तो पूर्ण बंद झाला; हेच हायबरनेशन. आता वीज परतली आहे. पडद्यावर सरकणाऱ्या ओळी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, आहेत, मात्र त्या झोपी गेलेल्या कर्नलच्या नाहीत. हा नव्याने सुरू झालेला दुसरा कर्नल असून, स्वॅपमधील प्रतिमा (रॅमची साठवलेली नक्कल) वाचून जुन्याला त्याची जागा परत देणे आणि स्वतः पुसले जाणे, एवढेच त्याचे काम आहे.

(दृश्य : फळ्यावरील आकृती, खडूचे हात)

प्रोग्रॅम वापरतो तो प्रत्येक आभासी पत्ता प्रोसेसर पेज टेबलांच्या आधारे उलगडून रॅममधला भौतिक पत्ता काढतो. एक्स८६ या इंटेल-एएमडी घराण्याच्या ६४-बिट प्रोसेसरवर ही टेबले सहसा चार पातळ्यांची असतात, प्रत्येकात ५१२ नोंदी असतात आणि सर्वांत वरच्या टेबलाचा भौतिक पत्ता सीआर३ या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्याच एका छोट्या कप्प्यात, असतो. गोम अशी, की ही टेबलेही रॅममधल्याच ४ केबीच्या तुकड्यांत, म्हणजे पानांत, राहतात. जुन्या कर्नलचे प्रत्येक पान जिथून उचलले तिथेच परत ठेवावे लागते, आणि नेमक्या त्याच जागी या घडीला नव्या कर्नलचा चालू कोड किंवा त्याची पेज टेबले असू शकतात. मूळ जागा मोकळी असलेली पाने थेट तिथेच वाचली जातात. बाकीची शेवटच्या क्षणापर्यंत दुसरीकडे थांबवली जातात.

(दृश्य : वहाळावरचा लाकडी साकव, फळी बदलणारे गडी)

साकवाची फळी बदलणारा गडी आधी शेजारी तात्पुरती फळी टाकून तिच्यावर उभा राहतो. कर्नलही, प्रतिमेतील एकही पान उतरणार नाही अशी ‘सुरक्षित पाने’ निवडून, त्यांत तात्पुरती पेज टेबले बांधतो आणि थांबवलेल्या पानांची नक्कल करणारा छोटासा असेंब्ली कोडही अशाच एका पानात हलवतो. त्या वेळी प्रोसेसरचा एकच कोअर चालू असतो आणि इंटरप्ट (काम मध्येच थांबवणारे इशारे) बंद असतात. सीआर३ मध्ये तात्पुरत्या टेबलांचा पत्ता भरला जातो, टीएलबीमधील, म्हणजे प्रोसेसरने लक्षात ठेवलेली, पत्त्यांची जुनी भाषांतरे पुसली जातात, थांबवलेली पाने आपापल्या जागी जातात, आणि मग प्रतिमेच्या शीर्षात नोंदवलेल्या पत्त्यावर उडी घेतली जाते. तिथला जुना कर्नल स्वतःचा सीआर३ पुन्हा भरतो.

(दृश्य : पडद्यावर कोड, तीन विद्यार्थी)

ही उडी बराच काळ कच्ची होती. कर्नलच्या कोडचे मॅपिंग करणारी, म्हणजे त्याचा आभासी पत्ता भौतिक जागेशी जोडणारी, टेबलेच नक्कल चालू असताना पुसली जाण्याची शक्यता ६४-बिट यंत्रांवर उरली होती. २०१६ मध्ये लिनक्स कर्नलचे विकासक राफाएल विसॉत्स्की यांनी उडीच्या पत्त्याचे मॅपिंगही तात्पुरत्या टेबलांत आणून ती शक्यता बंद केली. कोड खुला आहे म्हणूनच ही मुले तो बदल मालवणात बसून ओळीओळीने वाचत आहेत, आणि पाठ्यपुस्तकातील पेज टेबलाच्या चौकटींपेक्षा हे वाचन मोलाचे आहे. उडी चुकली तर यंत्र अडकते आणि न साठवलेले काम जाते.