एक गुडघा, तीन वह्या

(गोव्यातल्या रेडिओग्राफीच्या, म्हणजे एक्स-रे काढण्याच्या शास्त्राच्या, विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

विद्यार्थी मित्रांनो,

तुमच्यापैकी बहुतेकांकडे तीन वह्या असतात: अॅनाटॉमीची, पोझिशनिंगची (पेशंटला कसं ठेवायचं याची) आणि फिजिक्सची. परीक्षेसाठी ते सोयीचं आहे. पण पेशंट टेबलावर आला की तिन्ही एकदम उघडाव्या लागतात. ती सवय आधीपासून नसेल तर कोन आणि सेंटिमीटर नुसते घोकले जातात, आणि जरा वेगळ्या बांध्याचा पेशंट आला की सगळं कोलमडतं. म्हणून आज एकच पोझिशन घेऊ आणि तिच्यातल्या प्रत्येक आकड्याला ‘का’ विचारू.

गुडघ्याचा लॅटरल, म्हणजे बाजूने घेतलेला एक्स-रे. फुटबॉलवेड्या गोव्यात हा तुम्हाला सतत करावा लागणार आहे. पेशंट दुखऱ्या कुशीवर, गुडघा 20 ते 30 अंशांत वाकवलेला, सेंट्रल रे (किरणांच्या झोताचा मध्य) 5 ते 7 अंश डोक्याकडे, सेंटरिंग (झोताचा नेम) मीडियल एपिकॉन्डाइलच्या (मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी आतल्या बाजूला असलेल्या उंचवट्याच्या) सुमारे अडीच सेंटिमीटर खाली. एवढं सगळ्यांना पाठ असतं.

आता 5 अंश कशासाठी? मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोल फुगवटे असतात, ते कॉन्डाइल. त्यांतला आतला बाहेरच्यापेक्षा थोडा खाली उतरलेला असतो. पेशंट कुशीवर असताना तो वरच्या बाजूला, म्हणजे खाली प्रतिमा टिपणाऱ्या डिटेक्टरपासून लांब असतो, त्यामुळे जरा मोठाही दिसतो. ट्यूब डोक्याकडे कलवली की डिटेक्टरपासून जे लांब, ते प्रतिमेत डोक्याकडे जास्त सरकतं. आतला कॉन्डाइल वर सरकून बाहेरच्यावर बसतो आणि सांध्याची फट मोकळी होते. ठेंगण्या, रुंद कटीच्या पेशंटला 7 ते 10 अंश लागतात. उंच, अरुंद कटीच्या पेशंटला 5 पुरतात. मांडीचं हाड किती तिरकं उतरतं यावर ते अवलंबून आहे.

दोन्ही कॉन्डाइल मागे-पुढे दिसले तर चूक कोनाची नाही, रोटेशनची, म्हणजे गुडघा वळवण्याची आहे. पण गुडघा कुठे वळवायचा? प्रतिमेत अॅडक्टर ट्यूबर्कल शोधा. हाडाचा हा छोटा उंचवटा आतल्या कॉन्डाइलच्या वर, मागच्या बाजूला असतो. ज्या कॉन्डाइलवर तो दिसेल, तो आतला. आतला मागे पडला असेल तर गुडघा कमी वळलाय, वाटी टेबलाकडे आणखी झुकवा. पुढे गेला असेल तर जास्त वळलाय, थोडा मागे घ्या. फिब्युलाचं (पायाच्या बाहेरच्या बारीक हाडाचं) डोकंही साक्ष देतं: जास्त वळलं की ते टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) सावलीतून अधिक बाहेर येतं, कमी वळलं की अधिक झाकलं जातं. हे जमलं की दुसरी फिल्म अंदाजाने घ्यावी लागत नाही.

वाकवण्याचंही तसंच. 30 अंशांच्या पुढे गेलात तर स्नायू ताणले जातात, वाटी खाचेत ओढली जाते आणि फॅट पॅड (सांध्याजवळच्या चरबीच्या गाद्या) नीट दिसत नाहीत. वाटी मोडल्याची शंका असेल तर 10 अंशांच्या पुढे जाऊच नका, तुकडे फाकतील. मैदानावरून थेट आलेल्या पेशंटला कुशीवर वळवू नका. उताणा ठेवून आडव्या बीमने, म्हणजे जमिनीला समांतर किरणांनी घ्या. हाडाच्या आतली चरबी सांध्यात उतरली असेल तर ती रक्तावर तरंगते. चरबी क्ष-किरण कमी शोषते, म्हणून वर काळपट, खाली पांढरट आणि मध्ये सरळ रेघ दिसते. ही रेघ आडव्या बीमशिवाय दिसत नाही. सांध्याच्या आत फ्रॅक्चर असल्याची ती खूण आहे, हाडात रेष सापडो वा न सापडो.

छातीकडे थोडक्यात येतो. पीए (किरण पाठीकडून छातीकडे जातात तो एक्स-रे) 180 सेंटिमीटरवरून का? समजा, हृदय डिटेक्टरपासून 5 सेंटिमीटरवर आहे: 180 भागिले 175, म्हणजे सुमारे 3 टक्के मोठं. वॉर्डात 100 सेंटिमीटरवरून एपी (किरण छातीकडून पाठीकडे) घेतलात आणि हृदय 15 सेंटिमीटरवर आलं, तर 100 भागिले 85, जवळजवळ 18 टक्के मोठं. म्हणून फिल्मवर ‘एपी’ आणि अंतर लिहिलंच पाहिजे; नाहीतर वाढलेलं दिसणारं हृदय आजार म्हणून वाचलं जाईल. आणि इतर फॅक्टर तेच ठेवून 100 वरून 180 वर गेलात तर एमएएस (ट्यूबमधला प्रवाह गुणिले वेळ, म्हणजे किरणांचं प्रमाण) 3.24 पट लागतो, कारण तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. श्वास धरायला सांगताना पेशंट कोंकणी बोलणारा असेल तर ‘हालूं नाकात’ (हलू नका) असं कोंकणीतच सांगा, आणि एक्स्पोजर दुसऱ्या पूर्ण श्वासावर द्या.

डिजिटलमधला एक धोका मला फार गंभीर वाटतो. एक्स्पोजर कमी पडलं तर प्रतिमा रवाळ होते, आणि ते लगेच कळतं. जास्त झालं तर मशीन ब्राइटनेस जुळवून घेतं, प्रतिमा छान दिसते आणि जादा डोस पेशंटच्या वाट्याला जातो. म्हणून डेव्हिएशन इंडेक्स (ठरवलेल्या एक्स्पोजरपासूनचा फरक दाखवणारा आकडा) दर वेळी बघा. शून्य म्हणजे ठरवलेलं एक्स्पोजर, अधिक 3 म्हणजे दुप्पट, उणे 3 म्हणजे निम्मं. केव्हीपी (ट्यूबचा व्होल्टेज) 15 टक्क्यांनी वाढवला तर ढोबळमानाने एमएएस दुप्पट केल्याइतका परिणाम होतो. म्हणजे 70 वरून 80 वर जाताना एमएएस निम्मा करायला विसरू नका.

सराव एकमेकांच्या गुडघ्यावर खुशाल करा: एपिकॉन्डाइल चाचपा, दिव्याचा प्रकाश टाका, कोलिमेशन लावा (झोत हव्या तेवढ्याच भागापुरता ठेवा). एक्स्पोजर मात्र फँटमलाच (शरीराऐवजी वापरायच्या नमुन्यालाच). आणि रद्द झालेल्या प्रत्येक फिल्मपुढे कारण लिहा. ‘रोटेशन’ एवढंच लिहून थांबू नका. ‘आतला कॉन्डाइल मागे, फिब्युला झाकलेली, वाटी टेबलाकडे आणखी हवी होती’ असं लिहा.