डेटा जोडायचाय? आधी एसक्यूएल, मग पायथॉन

राम राम मंडळी! जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथून बघत असाल तिथून प्रश्न एकच येतो: "भाऊ, इकडचा डेटा तिकडं न्यायचाय, पायथॉन शिकू का जावा?" माझं उत्तर बऱ्याच जणांना पटत नाही. आधी एसक्यूएल शिका, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा.

का, ते एखाद्या जिनिंगवरच बघू. कापसाची गाडी काट्यावर येते. काट्याचं सॉफ्टवेअर सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या ओळी) देतं: पावती नंबर, शेतकऱ्याचं नाव, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन. पेमेंट मात्र टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिथून एक्सएमएल (टॅग लावून डेटा ठेवणारी फाइल) निघतं. शेठला एवढंच हवं असतं की वजन झालंय पण पैसे गेले नाहीत, अशा पावत्या कोणत्या? दोन्ही टेबलं पावती नंबरावर लेफ्ट जॉइन करायची (काट्याच्या सगळ्या ओळी ठेवून, जुळेल तिथं पेमेंट जोडायचं) आणि जिथं पेमेंटचा रकाना नल, म्हणजे रिकामा, आहे त्या ओळी काढायच्या. चार ओळींची क्वेरी. हेच काम पायथॉनमध्ये लूपच्या आत लूप घालून करणारी पोरं आहेत. चालतं, नाही असं नाही, पण ऐन हंगामात फाइल फुगली की तासभर बसा बघत.

एसक्यूएल आयबीएममध्ये 1970 च्या दशकात तयार झाली आणि आज ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस अशा सगळ्या डेटाबेसांत तीच आहे, थोड्याफार फरकानं. सरावाला एसक्यूएलाइट घ्या. सर्व्हर नको, पासवर्ड नको, अख्खा डेटाबेस एकाच फाइलीत.

मग पायथॉन कशाला? कारण टॅलीचं एक्सएमएल फोडून टेबलात भरणं एसक्यूएलाइटला जमत नाही. एपीआयवरून (एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याला डेटा द्यायला ठेवलेल्या दारातून) डेटा ओढणं, रोज रात्री तो टेबलात भरणं, ही कामं पायथॉनची. सीएसव्ही, जेसन, एक्सएमएल, एसक्यूएलाइट, या चौघांची मॉड्यूल पायथॉनसोबतच येतात.

आता खरी डोकेदुखी ऐका, ती भाषेत नाहीच. बँकेचा 16 आकडी खाते नंबर असलेली सीएसव्ही कुणीतरी एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडतं आणि सेव्ह करतं. एक्सेल आकड्याचे 15 अंकच सांभाळतं, सोळाव्याच्या जागी शून्य. सुरुवातीला शून्य असेल तर तेही गायब. पैसे कुणाच्या खात्यात जातील, देव जाणे! पँडाज ही पायथॉनची टेबलं हाताळणारी लायब्ररीही न सांगता तो रकाना आकडा समजते आणि सुरुवातीचं शून्य खाते. म्हणून खाते नंबर, पावती नंबर, मोबाइल हे वाचतानाच डीटाइप, म्हणजे रकान्याचा प्रकार, स्ट्रिंग (मजकूर) सांगायचा. तारखेचंही तसंच: 03/04 म्हणजे आपली 3 एप्रिल, पँडाज मात्र 4 मार्च धरतं. डेफर्स्ट ट्रू (म्हणजे दिवस आधी) दिलं की ताळ्यावर येतं.

आणि नावावर जॉइन? चुकूनही नाही. एकानं जळगाव लिहिलं, दुसऱ्यानं गाववर अनुस्वार देऊन जळगांव, आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद बसलंय ते वेगळंच. सरकारी डेटा असेल तर गावाचा एलजीडी (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी) कोड, म्हणजे सरकारनं गावाला दिलेला नंबर, धरा.

बाकीच्या भाषा पटकन. लिनक्सवर नुसत्या फाइली हलवायच्या तर बॅश, म्हणजे तिथली कमांडची भाषा, पुरे. पर्ल 1987 ची, मजकूर चिरफाड करण्यात उस्ताद, पण नव्यानं सुरुवात तिथून नको. जावा किंवा स्काला तेव्हा, जेव्हा कंपनीत स्पार्क (प्रचंड डेटा अनेक मशिनांवर वाटून चालवणारं सॉफ्टवेअर) असेल, आणि तिथंही पायस्पार्कवर, म्हणजे पायथॉनमधून स्पार्क वापरून, भागतं.

एक अपवाद. ऑफिसात सगळं विंडोज आहे आणि आधीच्या माणसानं पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांडची भाषा) स्क्रिप्टा लिहून ठेवल्यात? मग गुमान पॉवरशेल शिका. उद्या तुम्ही पुण्याला गेलात की ती स्क्रिप्ट अकाउंटवाल्या दादाला चालवायची आहे, पुण्याहून फोनवर तुम्हाला नाही.

पुढच्या व्हिडिओत टॅलीचं एक्सएमएल फोडू. तोवर एसक्यूएलाइट टाकून ठेवा.