नेदरलँड्सची मुलगी आणि नऊवारीतलं पोहणं

श्रोतेहो, नमस्कार.

रोटरी क्लबची साप्ताहिक सभा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. अध्यक्ष घंटा वाजवतात, राष्ट्रगीत होतं, पाहुण्यांची ओळख, भाषण, आभार आणि चहा. पॉल हॅरिस यांनी 1905 साली शिकागोत पहिला क्लब काढला, पण बायकांना सदस्य व्हायला 1989 साल उजाडावं लागलं. मी सांगलीतल्या एका क्लबची सदस्य आहे, आणि मला वाटतं, बायका आल्या तेव्हापासून सभेत प्रश्न जास्त विचारले जातात. असो.

आज सांगायचंय ते एका सभेबद्दल. त्या दिवशी वक्ता म्हणून होती नेदरलँड्सहून आलेली एक मुलगी. रोटरीच्या युवा विनिमय योजनेतून, म्हणजे परदेशातल्या घरी राहून तिथं शिकायच्या योजनेतून आलेली, शाळकरी वयाची. अंगावर निळा ब्लेझर, आणि त्याच्यावर देशोदेशीच्या मुलांनी दिलेले बिल्ले इतके, की कापड कमी आणि बिल्ले जास्त.

तिचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, गुच्छ, फोटो, मग पुन्हा सगळ्यांबरोबर फोटो. सत्कारात एवढा वेळ घालवणं मला मुळीच पटत नाही. पोरगी समुद्रापलीकडून आलीय, तिचं बोलणं ऐका, तिला पूर्ण वेळ द्या. हे मी पुन्हा सांगणार आहे.

अशा भाषणात साधारण काय असतं? आमचा झेंडा, आमचं चीज, आमच्या सायकली. तिनंही सुरुवात तशीच केली. मग पडद्यावर एक फोटो आला. पाच-सहा वर्षांची एक मुलगी पोहण्याच्या तलावात उभी, अंगात पँट-शर्ट, पायात बूट! म्हणाली, ही मी. तिच्या देशाचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. 1953 साली जानेवारी संपता संपता एका रात्री समुद्र बांध फोडून आत आला आणि 1,836 माणसं गेली. तिथं लहानपणीच मुलं पोहण्याच्या परीक्षा देतात. पहिल्याच परीक्षेत कपडे आणि बूट घालून पोहायचं, आणि पाण्यात ताणलेल्या कापडाला भोक असतं, त्यातून पाण्याखालून पलीकडे जायचं.

आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "कपडे घालून कशाला?"

ती म्हणाली, "सर, पाण्यात पडताना कुणी कपडे बदलून पडत नाही."

सभागृह एकदम गप्प. सांगलीत बसून हे ऐकतोय आम्ही! कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर आलं की इशारा, 45 फुटांवर धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली ती त्याच पुरात. ते ज्यांनी पाहिलं, त्यांना पुढचं सांगायला नको.

मग तिनं विचारलं, "तुमच्यापैकी कुणाकुणाला पोहता येतं?" पुरुषांचे बरेच हात वर झाले. पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकलेली पिढी ती. "आणि बायकांपैकी?" बायकांच्या रांगेत एकही हात वर नाही. मीही त्यातलीच.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, "मला येतंय की."

चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मावशी. दर आठवड्याला आम्हाला चहा देतात. त्यांचं माहेर कृष्णाकाठचं. मुलीनं तिथल्या तिथं भाषण थांबवलं आणि हातानं खुणावत म्हणाली, "मावशी, या ना!" मावशींनी ट्रे टेबलावर ठेवला, पदर खोचला आणि पुढे आल्या.

"नदीपल्याड गवताला जायचो आमी. येताना भारा पाण्यावर ढकलत ढकलत यायचं."

मुलीनं विचारलं, "कपडे घालून?"

"मग काय! नऊवारीत. कासोटा घट्ट मारायचा, म्हंजे पाय मोकळे ऱ्हात्यात. अन् दम लागला तर घागर पालथी घालायची पाण्यावर, पोटाखाली धरायची. बुडत न्हाई बाई."

मग त्यांनी अंगावरच्या साडीवरूनच हात फिरवत दाखवलं, कासोटा कुठून घ्यायचा, मागं कुठं खोचायचा, निऱ्या कुठपर्यंत वर. पालथी घागर कशी धरायची हे दाखवायला घागर नव्हती, तर सरबताचा रिकामा जग पालथा धरून दाखवलं. त्या मुलीनं वही काढली आणि चित्र काढायला लागली. घागर, तिच्यात अडकलेली हवा, वर पोट. "आमच्या सरांना हे दाखवणार," म्हणाली. सभेची वेळ संपून गेली. घड्याळ पाहणाऱ्या सदस्याला अध्यक्षांनी हातानंच थांबवलं. चहा गार झाला, कुणी तक्रार केली नाही.

शेवटी मुलीनं ब्लेझरवरचा आपल्या देशाचा बिल्ला काढून मावशींच्या पदराला लावला. त्यांचा सत्कार करायला शाल उरली नव्हती. बरंच झालं.

श्रोतेहो, वर्षानुवर्षं आमच्या सभेत चहा देणाऱ्या बाईला काय येतं, हे आम्हाला कळलं ते एका परक्या मुलीनं प्रश्न विचारला म्हणून. म्हणून पुन्हा सांगते, पाहुण्या मुलांना पूर्ण वेळ द्या. त्यांना बोलू द्या आणि त्यांना विचारूही द्या. आणि आपल्या नदीकाठच्या मुलींना पोहायला शिकवा, अंगावर रोज असतात त्याच कपड्यांत शिकवा. दहावी-बारावीच्या क्लासला एवढे पैसे घालतो, त्यातून उन्हाळ्याचा एक महिना पोहण्यासाठी निघत नाही, हे मला मान्य नाही.

आता योजनेबद्दल थोडक्यात. वय 15 ते 19. दीर्घ मुदतीचा विनिमय म्हणजे पूर्ण शैक्षणिक वर्ष. अर्ज स्थानिक क्लबमार्फत करायचा. विमानाचं भाडं आणि विमा मुलाच्या घरचे भरतात. राहणं-जेवण यजमान घरी, त्याचे पैसे यजमान घेत नाहीत. बहुतेक मुलं वर्षात एकापेक्षा जास्त घरी राहतात. घराची नीट चौकशी होते, ती व्हायलाच हवी.

मुलाला पाठवायचं आहे, त्यांनी क्लबमध्ये विचाराच. पण यजमान घरंही हवी असतात, आणि त्यासाठी पुढे येणारे कमी. बंगला लागत नाही. निजायला वेगळा पलंग, जेवणाच्या वेळी गप्पा मारणारी माणसं, आणि घरात आजी असेल तर फारच छान, मराठी तिच्याकडून लवकर येतं. जवळच्या रोटरी क्लबच्या सचिवांना भेटा. सभेलाच या, पाहुण्यांना येता येतं.

नमस्कार.