वहीतलं नाटक छापायला हवं

नमस्कार मंडळी. लंडनमध्ये पाहिलेल्या नाटकांवर बोल, असं मला सांगितलंय. अभिनय, नेपथ्य, प्रकाश यांवर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण मी लिहिणारी, त्यामुळे माझं लक्ष सारखं संहितेकडेच जायचं. आज तेवढ्यावरच बोलते.

स्लोन स्क्वेअरच्या भुयारी रेल्वे स्टेशनाला लागूनच रॉयल कोर्ट थिएटर आहे. १९५६ पासून हे नव्या नाटकांचं घर. कुणा अनोळखी लेखकाने संहिता पाठवली तरी तिथे ती वाचली जाते. आणि कार्यक्रमपत्रिका म्हणून दारात जे विकत मिळतं, ते त्या रात्रीच्या नाटकाचं अख्खं पुस्तकच असतं! अशा पुस्तकांच्या सुरुवातीला बारीक टाइपात एक सूचना असते : तालमी संपण्याआधीच हे छापायला गेलं आहे, प्रयोगात थोडाफार फरक आढळेल. त्या सूचनेपाशी मी थबकले. नाटक अजून घडतंय, तरी ते छापलंय. गोव्यात गावच्या नाटकांबाबत आपण म्हणतो, आधी पक्कं होऊ दे, मग बघू. तोवर नाटक लिहिलेली वही कुणाकडे गेली तेच आठवत नाही.

त्या पुस्तकांत संवादाच्या मध्येच एक तिरकी रेघ दिसते. रेघ आली की समोरच्याने तिथेच आपलं वाक्य सुरू करायचं, पहिल्याचं संपायची वाट पाहायची नाही. कॅरिल चर्चिल या नाटककर्तीने ही पद्धत रूढ केली. ती पाहिली आणि मला आमच्या घरचं जेवण आठवलं. आई, काकी, आजी एकदम बोलतात आणि तरी कुणाचं काही ऐकायचं राहत नाही. हे कागदावर कसं आणायचं, हा प्रश्न मला कित्येक दिवस छळत होता. उत्तर एका रेघेत मिळालं. पाहिलेलं नाटक घरी नेऊन पुन्हा वाचता आलं, म्हणून मिळालं. नुसत्या प्रयोगातून ती रेघ मला कधीच दिसली नसती.

ग्लोब थिएटरबद्दलही सांगते. शेक्सपिअरच्या नाटकमंडळीचं मूळ ग्लोब १५९९ चं. १६१३ मध्ये प्रयोगात तोफ उडवली, गवती छपराने पेट घेतला आणि ते जळून गेलं. आताचं १९९७ साली सुरू झालं. मधल्या अंगणात उभ्याने नाटक बघायचं तिकीट सगळ्यांत स्वस्त. मी तिथे रंगमंचाच्या कडेला कोपर टेकून उभी होते. प्रेक्षक अंधारात नसतात, नट आपल्या डोळ्यांत बघून बोलतो. गोंयकाराला याचं नवल वाटायला नको. देवळासमोरच्या मांडवात आपला शिवाजी झालेला नट पहिल्या रांगेतल्या आजीला ओळखतो आणि आजीही त्याला नावाने ओळखते.

पण तिथे उभी असताना मनात वेगळंच चाललं होतं. शेक्सपिअर १६१६ साली वारला, तेव्हा त्याची जवळपास निम्मी नाटकं छापलेलीच नव्हती. नटांकडे फक्त आपापल्या नकला असायच्या : आधीच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द आणि मग आपलं भाषण. आपल्या जुन्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको. १६२३ साली जॉन हेमिंग्ज आणि हेन्री काँडेल या त्याच्याच मंडळीतल्या दोघा नटांनी त्याची ३६ नाटकं एकत्र छापवून घेतली. 'मॅकबेथ', 'ट्वेल्फ्थ नाइट', 'द टेम्पेस्ट' त्यात पहिल्यांदा छापून आली. हे काम कुठल्या विद्यापीठाने किंवा राजदरबाराने केलं नाही. सोबत काम केलेल्यांनी केलं.

आता आपल्याकडे या. देवळाच्या उत्सवात पालखी, आरती, पावणी म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव आटोपला की रात्री उशिरा तिसरी घंटा होते. गावातल्याच कुणीतरी गावासाठी लिहिलेलं नाटक उभं राहतं. पुढच्या वर्षी दुसरं नाटक येतं आणि पहिल्याची वही कपाटात जाते. गोव्याचा पावसाळा कागदाला काय करतो ते तुम्ही जाणता. पानं एकमेकांना चिकटतात, शाई फुटते, उरलेलं वाळवी खाते. लेखक गेला की घरच्यांना ती वही नाटकाची होती की हिशेबाची, हेही कळत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मी लिहायला शिकले ती अशाच नाटकांमुळे. ती वाचायला मात्र मला कधी मिळाली नाहीत.

माझी मागणी साधी आहे. उत्सवाची पत्रिका आपण छापतोच, कुठल्या दिवशी कुणाचा अभिषेक हेसुद्धा त्यात असतं. त्याच छापखान्यात गावच्या लेखकाची संहिताही द्यायची. गुळगुळीत कागद नको, रंगीत मुखपृष्ठ नको. पहिल्या पानावर लेखक, दिग्दर्शक, नट आणि प्रॉम्प्टर यांची नावं, गाव आणि तिथी. नाटकाच्या रात्री मांडवाच्या तोंडाशी एक टेबल, त्यावर प्रती. शंभर छापल्या तरी पुरे. एक प्रत गावच्या शाळेला, एक वाचनालयाला.

जुन्या वह्यांसाठी मी स्वतः टंकलेखन करून द्यायला तयार आहे. अक्षर लागत नसेल तर त्या नाटकात काम केलेल्या कुणाला तरी शेजारी बसवू, त्यांना भाषणं अजून पाठ असतात. व्याख्यान संपल्यावर मी इथेच थांबणार आहे. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी भेटा आणि पावसाच्या आधी ती काढून ठेवा.